रविवारचा वस्तरा

— नाही हो, लाजायचं काय त्यात, बसा तुम्ही. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ही घ्या. पडदा ओढलाय मी, आणि हा आरसासुद्धा मुद्दाम असा लावलाय की दारातून कुणी डोकावलं तर त्याला नुसती भिंत दिसते. इथे येणारं प्रत्येक माणूस आधी पडद्याकडे बघतं आणि मग माझ्याकडे, तुम्ही काही पहिल्या नाही. परवा एक साहेब आले होते — मोठ्या कचेरीतले, हाताखाली दोनशे माणसं — तर जिन्यात कुणी ओळखीचं भेटलंच तर सांगायला म्हणून मोडकी छत्री घेऊन आले होते हातात, खालच्या मजल्यावर छत्र्या दुरुस्त करतात ना. आता या असल्या कडक उन्हात छत्री कोण दुरुस्त करतं? पण त्यांना सुचलं ते. चार खेपा झाल्या त्यांच्या आणि चारही वेळा तीच छत्री. शेवटच्या खेपेला खरंच दुरुस्त करून घेऊन गेले.

हं, तर मी काय सांगत होते — तीन. एकानं भागत नाही, ताई, तीन टोप लागतात. तुम्ही विग म्हणा, आम्ही टोपच म्हणतो, माझे वडील नाटकवाल्यांचे टोप करायचे तेव्हापासूनची सवय. एक हनुवटीपर्यंतचा, एक त्याहून चार बोटं लांब, आणि एक पाठीवर येणारा. का म्हणून काय? केस वाढायला नकोत? एकच टोप वर्षभर घातला की चार महिन्यांत शेजारीण विचारते, काय गं, तुझे केस वाढत कसे नाहीत — मग संपलंच सगळं. म्हणून पहिले दोन-तीन महिने आखूड, मग मधला, मग लांब, आणि मग एक दिवस जाहीर करायचं, कंटाळा आला बाई, कापून टाकले. की पुन्हा आखूड. त्या दिवसासाठी मी गिऱ्हाइकाला कागदाच्या पुडीत चिमूटभर बारीक केस देते. मानेवर, कॉलरच्या आत भुरभुरवायचे. लोक केस नाही बघत हो, ते कॉलरवरचे कण बघतात आणि म्हणतात, वा, छान कापलेत, कुठे जातेस कापायला? ही पुडीची युक्ती माझी स्वतःची. या धंद्यात दुसरं कुणी देत नाही.

घ्या, हातात घ्या, चावत नाही तो. ही जाळी, आणि ही आकडी — एका वेळी एक केस ओढून घ्यायचा, गाठ मारायची, की पुढचा. मुळाची बाजू मुळाकडेच राहिली पाहिजे, एखादी बट उलटी लागली की आठ दिवसांत नुसता गुंता. एका टोपाला महिना सव्वा महिना जातो, म्हणून तर डोळ्यांचं हे असं झालंय. आणि इथे बघा, कपाळाशी. इथे मी मुद्दाम चुका करते. एक केस पुढे, एक मागे, एक आखूड, एक जरा वाकडा. शिकाऊ माणूस काय करतो, सरळ रेषेत लावतो, नीटनेटकं, आणि तिथेच पकडला जातो. खऱ्या डोक्यावर सरळ काहीच नसतं. खोटं बनवायचं तर आधी खऱ्यातली वाकडी वळणं पाठ करावी लागतात, असं माझे वडील म्हणायचे, आणि माणूस कितीही तऱ्हेवाईक असला तरी त्यांचं हे म्हणणं खरं होतं.

बाहेर जिन्यावर बसलीय ती तुमचीच ना? निळी टोपी? अकरा? तरी लहानच दिसते. असू दे, नाही येत तर राहू दे तिकडे, माप घ्यायच्या वेळी पाच मिनिटं आत आली की झालं. आणि एका परीनं बरंय ती बाहेर आहे ते, आपल्याला मोकळेपणानं बोलता येतं. काय म्हणते ती? — तशीच जाते म्हणते शाळेत? टोपीबिपी काही न घालता?

हसू नको तर काय करू, ताई. धीट आहे म्हणे. घरात सगळीच धीट असतात. मी तीस वर्षं लोकांची डोकी बघतेय, टोप काढल्यावरची, आणि मला विचाराल तर धीट असं कुणी नसतं, ज्याचं त्याचं झाकायचं ठिकाण तेवढं वेगळं असतं. माझ्याकडे एक मुख्याध्यापिका येतात, प्रार्थनेला उभ्या राहून मुलांना खरं बोलायचे धडे देतात. देऊ देत की. टोप नीट बसला असेल तर धडाही ठसक्यात देता येतो. एक गृहस्थ आहेत, लग्नाला बारा वर्षं झाली, बायकोला माहीत नाही. झोपतातसुद्धा टोप घालून. आता बारा वर्षांत बायकोला कळलं नसेल? कळलंय हो, ती बोलत नाही इतकंच, आणि तिला कळलंय हे त्यांनाही कळलंय, तेही बोलत नाहीत. चाललाय संसार. असाच चालतो. आणि तुमची अकरा वर्षांची पोर म्हणते मी तशीच जाते. पहिल्या दिवशी जाईल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मागून टपली मारेल, तिसऱ्या दिवशी एखादी मैत्रीण जागा बदलून बसेल, लागण होते का गं त्याची, असं विचारून, आणि चौथ्या दिवशी पोटात दुखायला लागेल तुमच्या पोरीच्या. सकाळी सातलाच, बरोबर. मला कसं ठाऊक म्हणजे? माझ्या घरात झालंय ते सगळं.

मुलगी माझी. ठकी म्हणतो आम्ही, तिच्या वडिलांनी ठेवलेलं नाव, आता अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली तरी ठकीच. नऊ वर्षांची असताना वेणी घालताना मला मानेच्या वर एक चकती दिसली, रुपयाएवढी, गुळगुळीत. चाई. मग दोन, मग पाच, आणि पाच महिन्यांत डोक्यावर काही म्हणता काही उरलं नाही. औषधं झाली, लेप झाले, कुणी म्हणालं कांद्याचा रस चोळा, तो चोळला, घरभर वास आणि ही पोर गप्प बसून. डॉक्टर म्हणाले, येतील, नाहीही येतील, थांबा. डॉक्टरांचं काय जातं थांबा म्हणायला. शाळेत पाठवायची मला होती. त्या चौथ्या दिवसाचं सांगितलं ना मी, तो चौथा दिवस आला तेव्हा मी बाथरूममध्ये गेले, आणि माझी वेणी — कमरेपर्यंत होती हो माझी, आता या चार झिपऱ्या बघून पटायचं नाही तुम्हाला — ती मानेपाशी कापली. तिचा टोप केला तिला. सतरा दिवसांत केला, रात्र म्हटली नाही दिवस म्हटला नाही. आईच्या केसांचा टोप. घातल्यावर आरशात बघून पोर हसली तेव्हा मला वाटलं, झालं, जिंकलो आपण. शाळा बदलली, घर बदललं, नव्या जागी कुणाला पत्ता नाही. अठरा वर्षं, ताई. अठरा वर्षं एका माणसाला कळलं नाही. आखूड, मधला, लांब, आखूड, मधला, लांब. दर खेपेला पुडी. असं काम या गावात दुसऱ्या कुणाचं दाखवा मला.

आता तुम्ही म्हणाल, पोहायला नाही गेली, सहलीला नाही गेली, झोपाळ्यावर उभी नाही राहिली. नाही गेली. बसमध्ये खिडकीशी नाही बसायची. मैत्रिणीकडे राहायला नाही. पण हसलं नाही तिला कुणी. पोहता न येऊन काय अडतं माणसाचं? मोठी झाल्यावर इथेच दुकानात बसायला लागली, हात चांगला तिचा, माझ्यापेक्षा बारीक गाठ मारायची. तिथे, त्या खिडकीपाशी बसायची, उजेडात. आणि तुमच्यासारखं कुणी आलं ना, असं घुटमळणारं, ओळखू येईल का, लोकांना कळेल का करणारं, की मी जरा पुढे वाकून हळूच सांगायची — ती मुलगी बघा खिडकीतली, केस बघा तिचे, ते माझ्या हातचे आहेत. बस. माणूस तिकडे बघायचा, बघतच राहायचा, आणि लगेच माप द्यायला तयार. एवढंच सांगायची मी. धंद्यापुरतं.

नाही, तिला ऐकू जात नसे. म्हणजे मला वाटायचं जात नाही. नंतर म्हणाली ती, आई, मला सगळं ऐकू यायचं, आणि ती माणसं माझ्याकडे वळून बघायची तेव्हा मी गाठी मोजत बसायचे. म्हणाली, जगापासून लपव म्हणालीस आणि जो जिना चढून येईल त्याला दाखवलंस. ती गिऱ्हाइकं, ताई. ती तोंड उघडणार नाहीत याची खात्री, त्यांचंच गुपित माझ्या हातात. मी काय दवंडी पिटली?

चहा घेणार? नाही? मला तरी कुठे हवाय.

बिघडलं ते तिच्या लग्नाच्या वेळी. सत्तावीस पूर्ण झाली होती. स्थळ चांगलं आलं होतं, मुलगा नकाशे काढणारा, शांत, आणि हिलाही आवडला होता, दोनदा भेटली होती बाहेर. आईवडील घरी आले बोलणी करायला. मी आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं, आत्ता काही बोलायचं नाही, लग्न होऊ दे, वर्ष दोन वर्षं जाऊ देत, मग बघू. ती म्हणाली, त्याला सांगायचंय मला. मी म्हटलं, सांग की, पोर झाल्यावर सांग. बोलणी छान चालली होती, हसणं-खिदळणं, आणि मुलाची आई म्हणाली, काय सुंदर केस आहेत हो मुलीचे. आता अशा वेळी माणूस काय म्हणतो? मी म्हटलं, आमच्या घराण्यातच आहेत ते, माझ्या आईचे तर गुडघ्यापर्यंत होते. ठकीनं माझ्याकडे बघितलं. उठली, आत गेली, मला वाटलं पाणी आणायला गेली. परत आली ती — तशी. दिव्याचा उजेड डोक्यावर. टोप हातात होता, तो तिनं घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला, रुमाल ठेवावा तसा, आणि मुलाच्या आईला म्हणाली, हे घराण्यातले नाहीत, हे दुकानातले आहेत.

मोडलं. मोडणारच. गेले ते पंधरा मिनिटांत. आणि जाताना ती बाई मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, डोक्याचं आम्हाला काही नाही हो, माझ्या बहिणीलाही आहे, पण तुम्ही ते गुडघ्यापर्यंतचे कुठून आणलेत? बघा आता. डोक्याचं काही नाही म्हणे. बोलायच्या गोष्टी आहेत या, बोलायला काय लागतं. आधी सांगितलं असतं तर उंबरा तरी चढले असते का? चढले असते म्हणाली ठकी, जायच्या आधी. तो मुलगा नंतर दोनदा तिला भेटायलाही आला होता म्हणे, पण हिनंच त्याला नको म्हटलं, आईच्या घरात राहून मला कुणालाच काही खरं सांगता येणार नाही म्हणाली. माझ्या घरात. म्हणजे मी काय तिचं तोंड शिवलं होतं? आठवड्यात खोली बघितली आणि गेली. तिन्ही टोप इथेच ठेवून. ते काय, वरच्या फळीवर, ठोकळ्यांवर. धूळ झटकते मी त्यांची.

आता कुठे असते म्हणता? सगळ्या गावानं बघावं अशा ठिकाणी. बसचे पास देतात ना डेपोत, त्या खिडकीत. दिवसाला पाचशे माणूस समोरून जातं. उघडं डोकं, काही नाही वर, कानात मोठाल्या रिंगा. मला ओळखीच्या बायका येऊन सांगतात, तुमच्या ठकीला बघितलं हो, काय बाई धाडस, आणि असं म्हणताना त्यांच्या तोंडाच्या कडा बघाव्यात. मी म्हणते, हो, तिला आवडतं तसं. आमचे हे दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातात. मला सांगतात वाचनालयात जातो. वाचनालय रविवारी बंद असतं. मी म्हणते, बरं, छत्री घेऊन जा. विचारून काय करू? विचारलं की सांगतील, आणि सांगितलं की मग ऐकावं लागेल.

जाऊ दे. आपलं काम बघू. तुम्ही गोंधळून जाऊ नका माझ्या बोलण्यानं, तुमच्या मुलीचं वेगळं आहे, वेळेवर आलात तुम्ही. तर हे लिहून घेते — कपाळ ते मान, कान ते कान, तीन ठिकाणी घेर. आणि जाळी बसवून बघायला आणण्याआधी डोकं तेवढं साफ करून आणायचं. साफ म्हणजे वस्तरा फिरवून, अगदी गुळगुळीत. जाळीखाली काही राहिलं की ती सरकते, चिकटपट्टी धरत नाही, टोप डोळ्यांवर येतो. मग दर रविवारी एकदा फिरवायचा, सवय लावून घ्या, दहा मिनिटांचं काम.

काय म्हणालात? कशी लव? कुठे — कानामागे? कधीपासून? पांढरट, मऊ. हो, तशीच येते ती. अशी आडवी धरून उजेडात बघितली तरच दिसते. डॉक्टर म्हणाले थांबा, हो, ते म्हणणारच. नाही हो, त्या लवेला काही अर्थ नसतो, ती काढून टाकायची. आज येते, उद्या गळते. चार दिवसांचं पीक. तिच्यावर भरवसा ठेवून बसलात तर टोपही नाही आणि केसही नाहीत, पोर लटकली अधांतरी, आणि डोक्यावर ही अशी ठिगळं ठिगळं, ती टकलापेक्षा वाईट दिसतात. काढायची. मी तेच केलं. गळतेच ती शेवटी.

नाही, ठकीची गळली असं नाही. गळते, असं म्हणतात. मी — मी ठेवलीच नाही ना कधी गळायला.

असं बघू नका माझ्याकडे. दहा वर्षांची असताना आली पहिल्यांदा, कानामागेच, तुमच्या मुलीला आलीय तिथेच. टोप होऊन चार महिने झाले होते. वेणी माझी गेलेली होती, दुसरी कुठून आणू? नवी शाळा, तिथे सगळ्यांना वाटतंय हिचे केस हे असे आहेत. आता मध्येच ठिगळं घेऊन कशी पाठवू? टोप काढायचा म्हणजे टोप होता हे सांगायचं. आमचे हे म्हणाले होते एकदा, अगं, राहू दे की महिनाभर, बघू काय होतंय. मी म्हटलं, महिनाभर ती शाळेत कशी जाईल ते सांगा, तुम्ही जाणार आहात का तिच्या जागी? गप्प बसण्यात त्यांचा हातखंडा. मग मी रविवारचा वस्तरा सुरू केला. तिला सांगितलं, मेलेली लव आहे, काढावी लागते, नाही तर खाज सुटते. ती मान खाली घालून बसायची माझ्यासमोर पाटावर, डोळे मिटून, माझ्या गुडघ्याला कपाळ टेकून. आवडायचं तिला ते, झोप यायची म्हणायची. मऊ हात आहे माझा. आणि दर रविवारी यायची ती लव — आधी कानामागे, मग मानेवर, मग एका वर्षी डावी बाजू पूर्ण — आणि मी काढायची. मोठी झाली तरी मीच काढायची, मागचं दिसत नाही म्हणायची ती, तूच कर. सतरा वर्षं. एकही रविवार चुकवला नाही मी, तापात असले तरी.

डॉक्टरांना विचारलं मी नंतर. दुसऱ्या डॉक्टरांना, ओळख न देता, बहिणीच्या मुलीचं म्हणून. ते म्हणाले, वस्तऱ्यानं मुळं जात नाहीत, यायचे असतील तर येतातच केस. म्हणजे मी काही बिघडवलं नाही, कळतंय ना तुम्हाला? एक मूळही बिघडवलं नाही. मी फक्त दिसू दिलं नाही. तिला नाही, ह्यांना नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही नाही, पाणी घालून मोरीत सोडून द्यायची, बघायचीच नाही किती आहे ती. कुणाला ठाऊक, बारा वर्षांची असतानाच आले असते सगळे. कुणाला ठाऊक, नसतेही आले. आता ते कळायला मार्ग नाही, आणि तेवढंच तिला सहन होत नसणार.

घर सोडून गेल्यावर दीड महिन्यानं फोन आला तिचा. रविवारीच. आवाज इतका शांत की मला वाटलं आजारी आहे. म्हणाली, आई, तू दर रविवारी काय काढत होतीस? मी म्हटलं, लव. म्हणाली, लव. इतकंच, आणि ठेवला. त्यानंतर नाही केला.

गेले होते की मी. तिकडे, डेपोत. तीन महिने झाले असतील. पास कशाला हवाय मला, कुठे जाते मी बसनं, पण रांगेत उभी राहिले. पुढे सहा माणसं. पहिल्यांदा लांबून दिसली, आणि खोटं कशाला बोलू, माझी नजर आधी तिच्या चेहऱ्याकडे नाही गेली. केस होते तिला. अंगठ्याच्या पेराएवढे, डाव्या बाजूला दाट, उजवीकडे विरळ, मध्ये काही पांढरे, वेडेवाकडे, जिकडे तिकडे वळलेले. असे मला आकडीनं कधी जमले नसते. ती हसत होती कुठल्या तरी म्हाताऱ्याशी, त्याचा फोटो उलटा चिकटवला होता तिनं म्हणून. एकेक माणूस पुढे सरकत होता आणि मी मनात घोकत होते काय म्हणायचं ते, आणि माझ्या पुढचा बाजूला झाला, आणि मी काचेसमोर उभी. ती खालीच बघत होती, फॉर्म द्या म्हणाली. आणि माझा हात वर गेला. मी नाही नेला, गेला — आमचा हात जातोच हो तसा, केस दिसला की तो कोणत्या बाजूला वळतो ते बघायला, तीस वर्षांची खोड. मध्ये काच होती, लागणारही नव्हता तो. तिनं वर बघितलं. हात बघितला. आणि सगळ्या गावासमोर दिवसभर उघडं डोकं घेऊन बसणारी माझी मुलगी — मला बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले तिनं. असे. झाकून.

मागचा माणूस म्हणत होता, अहो बाई, पास घ्यायचाय की नाही?

नाही, पाणी नको. माप नको लिहायला. कागद द्या तो इकडे. तुमचं काही चुकलं नाही हो, मला आज जमणार नाही, उद्याही जमणार नाही, दुसरं कुणी बघा, किंवा नका बघू. आणि तिला आत बोलावू नका. बोलावू नका म्हटलं ना, माझ्यासमोर नका काढू तिची टोपी. न्या तिला घरी. जा तुम्ही.